तिच्या बॅगेत काय घालू, पांडुरंगा

पांडुरंगा, मायबापा, तू ओझी वाहणारा देव आहेस, म्हणून हे तुझ्यापाशी बोलतो. जनाबाईच्या शेणी तू वेचल्यास, तिच्या जात्याच्या खुंट्याला हात लावलास. आमच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं भुकेल्यांसाठी उघडली, तेव्हा त्या धान्याच्या मोलाची थैली घेऊन तूच रूप पालटून बिदरच्या दरबारात उभा राहिलास, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. कुणाच्या खांद्यावर काय द्यावं आणि काय देऊ नये, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? लेक उद्या पुण्याला निघाली आहे. इंजिनिअरिंगला नंबर लागला, हॉस्टेलही मिळालं. तिच्या बॅगेत काय घालू आणि काय काढून ठेवू, एवढी बुद्धी मला दे.

खोलीत एक लोखंडी कॉट, एक टेबल, एक खुर्ची आणि अर्धं कपाट मिळेल, असं हॉस्टेलच्या कागदावर लिहिलं आहे. गादी, उशी, बादली, मग, कुलूप, ताट-वाटी घरून आणायची. पाणी तापवायची कॉईल, शेगडी, इस्त्री आणायची नाही. कागद अर्ध्या पानाचा आहे, देवा, आणि आमचं सामान मात्र ओसरीभर झालं आहे. तिची आई एक वस्तू ठेवते, मी दुसरी ठेवतो, आणि लेक बघते आणि म्हणते, "बाबा, अर्धं कपाट आहे." या ढिगातलं तिच्या गरजेचं किती आणि आमच्या काळजीचं किती, ते मला निवडून दे. तापाच्या गोळ्या आणि क्षार-साखरेची पाकिटं तिच्या गरजेची आहेत. प्रत्येक दुखण्यासाठी एकेक बाटली भरलेला तो मोठा डबा आमच्या भीतीचा आहे. ती तिथं आजारी पडेल आणि आम्ही पाच-सहा तासांच्या वाटेवर असू, ही भीती. ती भीती मी तुझ्यापुढे ठेवतो. लेकीच्या कपाटात त्या भीतीला जागा नाही.

कागदपत्रांचं मी नीट केलं आहे. दाखला, गुणपत्रिका, जातीचं आणि उत्पन्नाचं प्रमाणपत्र, सगळ्यांच्या झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो. ती फाइल ती बॅगेत न टाकता हातातच धरेल, एवढं बघ.

चादरीपाशी मात्र मी फार वेळ अडलो. सोलापुरी चादर जड असते. पुण्याच्या श्रावणात ती एकदा धुतली की दोन दिवस वाळत नाही, आणि हॉस्टेलच्या गॅलरीत चौघींच्या दोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. आमच्याकडे ऊन सोडून दुसरं काही मुबलक नाही. कपडे वाळत नाहीत, ही अडचण या पोरीला ठाऊकच नाही. शहाणपण असं सांगतं की आत्ता पातळ चादर द्यावी, लवकर वाळणारे कपडे द्यावेत, कपड्यांचे चिमटे आणि दोरी द्यावी, आणि जाड चादर दिवाळीला घरी आली की थंडीसाठी न्यावी. मी शहाणपणाचं ऐकलं. पण ती तिच्या आजीनं हातमाग सोसायटीतून आणलेली चादर आहे, आणि ती घडी बाजूला ठेवताना माझा हात जड झाला. हेही तुला सांगून ठेवतो. जे मागं राहतं तेही तिचंच आहे, हे तिला कळू दे. घर तिच्यासाठी राखून ठेवलेलं असू दे, तिला ओढणारं नको.

आता खाण्याचं. विठ्ठला, इथं मी हात आखडता घेणार नाही. तिच्या आईनं ज्वारीच्या कडक भाकरी केल्या आहेत. पातळ थापून, भाजून, पुन्हा वाळवून कडकडीत केलेल्या; नीट ठेवल्या तर महिनोन्‌महिने टिकतात. आमच्या काळ्या रानातली मालदांडी आहे ती, परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरलेली, थंडीत दवावर पोसलेली. सोबत शेंगाची चटणी, तेल सुटेपर्यंत कुटलेली. मेसचं जेवण बिघडलं, रात्री अभ्यासात उशीर झाला, परीक्षेच्या दिवशी घास उतरेना, तर भाकरीचा तुकडा मोडायचा, वर चटणी, आणि दही मिळालं तर दही. यासाठी चूल लागत नाही, कॉईल लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. लेक म्हणाली, एवढ्या भाकरी मी एकटी कधी संपवणार? तिच्या त्या प्रश्नानं माझी निवड सोपी झाली, देवा. एकटीनं संपवायच्या नाहीतच.

मी बोर्डिंगात वाढलो, तुला माहीत आहे. आईचा डबा एसटीनं यायचा. डब्यावर तेलरंगानं माझं नाव लिहिलेलं, आणि कंडक्टर तो स्टँडवर उतरवून ठेवायचा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी यायची नाही, म्हणजे डबाही यायचा नाही. त्या रात्री मी उपाशी निजलो असं कधी झालं नाही. ज्याचा डबा आला असेल तो मधोमध उघडायचा. कुणाच्या घरची भाकरी बाजरीची, कुणाच्या घरची ज्वारीची, कुणाचं कोरड्यास तिखटजाळ. कुणाची जात काय, हे त्या डब्यांवरून मला कधीच शिकता आलं नाही, आणि ते न शिकणं हेच माझं मोठं शिक्षण ठरलं.

ती पंगत मांडायला कुणाचं काय काय गेलं आहे, ते मी विसरू नये. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा मुलांसाठी वसतिगृह काढलं आणि पुढं जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एकाच छपराखाली आणली. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, एकत्र कष्ट. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नामकरण झालं. पण माझं मन नेहमी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंपाशी जातं. बोर्डिंगातलं धान्य संपलं, भाऊराव गावात नव्हते, मुलं भुकेली होती. अंगावरचे बाकीचे दागिने आधीच मुलांच्या पोटापायी गेले होते. त्या माउलीनं गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि चूल पेटवली. दामाजीपंतांनी कोठार उघडलं, तिनं गळा मोकळा केला. पांडुरंगा, तिच्या त्या चुलीवरचा एक घास माझ्यापर्यंत पोचला आहे. उद्या माझ्या लेकीपर्यंतही पोचेल. लक्ष्मीबाईंना माझा नमस्कार पोचव.

आणि लेक मुलगी आहे म्हणून पुण्याजवळच्या हिंगण्याची आठवण करतो. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली तिथल्या माळावर झोपडी बांधली, विधवा मुलींना राहून शिकता यावं म्हणून. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून झालं की ते आश्रमाला लागणारं सामान घेऊन चिखल तुडवत पायी तिकडे जायचे. मुलींचं सामान असं कुणीतरी आधी वाहिलं, म्हणून आज माझी पोर चाकांची बॅग ओढत त्याच शहरात चालली आहे आणि वाटेत कुणी तिच्याकडे वळून बघणार नाही. तिला हे ओझ्यासारखं वाटू देऊ नकोस. फक्त ठाऊक असू दे.

म्हणून मी असं ठरवलं आहे, आणि तुझा आशीर्वाद मागतो. जे वाटता येतं ते जास्त द्यायचं आणि जे फक्त मिरवता येतं ते घरी ठेवायचं. एक वाटी आणि एक चमचा जास्तीचा घातला आहे. छत्री मोठी घेतली आहे, दोघी मावतील अशी. सॅनिटरी पॅडची पाकिटं तिच्या आईनं लागतात त्याहून जास्त ठेवली, कारण हॉस्टेलात मध्यरात्री कुणाची तरी अडचण होतेच आणि मागायला पोरी लाजतात. एक्स्टेंशन बोर्ड घेतला आहे, कारण खोलीत प्लग एकच असतो आणि फोन सगळ्यांचेच उतरलेले असतात. बारावीच्या वह्या ती शेजारच्या मुलीला देऊन चालली आहे. ते तिचं तिनंच ठरवलं, मी सांगितलं नाही. ते पाहून माझं काळीज किती भरून आलं, ते तुला दिसलंच असेल.

कुलपाला दोन किल्ल्या आहेत. दुसरी किल्ली इथं आमच्याकडे ठेवून उपयोग नाही. तिची पहिली हरवली तर मी काय इथून उडत जाणार आहे? ती तिनं खोलीतल्या मैत्रिणीपाशी ठेवावी, असं मला वाटतं. पण ज्या मुलीचं नावही अजून आम्हाला माहीत नाही, तिच्यावर इतका भरवसा ठेव असं मी लेकीला कसं सांगू? भरवसा तूच उपजव, दोन्ही बाजूंनी. किल्ली कुणाला द्यायची ते ती पारखून ठरवेल. ती पारख तिला दे, आणि कुणाची किल्ली आपल्याकडे आली तर ती जपण्याइतकी सचोटी दे.

रॅगिंग करणार नाही, असं प्रतिज्ञापत्र तिच्याकडून आणि पालक म्हणून माझ्याकडून लिहून घेतलं आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. सही करताना माझ्या मनात आलं की आपण लेकरांना कुणी छळू नये म्हणून प्रार्थना करतो, आपल्या लेकराकडून कुणाला छळ होऊ नये म्हणून क्वचितच करतो. मी आज दोन्ही मागतो. कुणी तिच्या बोलण्याला हसलं, तिच्या सोलापुरी हेलाला नावं ठेवली, तर तो हेल तिनं टाकून देऊ नये. आणि पुढच्या वर्षी तिच्याहूनही लांबच्या गावची, तिच्याहूनही वेगळं बोलणारी कुणी बुजरी पोर त्या दारात आली, तर हिनं तिची बादली उचलून आत न्यावी.

एक गोष्ट माझ्याच्यानं ठरली नाही. तुझी तसबीर. देवघरातली छोटी, विटेवरची. ती लेकीच्या बॅगेत मी परस्पर घालू का? तिनं मागितली नाही. आषाढीला गर्दीत तुझ्या मुखदर्शनाला ती माझ्यासोबत आली होती, हात जोडले होते, पण तिच्या मनात तुझं काय आहे ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. पुंडलिकानं तुला थांब म्हटलं आणि एक वीट फेकली. तू तेवढ्या जागेवर उभा राहिलास, वाट पाहत थांबलास. माझ्या लेकीच्या दाराशीही तसाच थांब. तिनं बोलावलं तर आत जा. तसबीर मी टेबलावर ठेवली आहे, तिच्या घड्याळाशेजारी. न्यायची की नाही, ते तिचं.

फोनमधून पैसे जातात, तरी थोड्या नोटा मी बॅगेच्या आतल्या कप्प्यात घालतो, कारण फोन बंद पडतो तेव्हाच पैसे लागतात. त्या कुठं आहेत हे तिला सांगितलं आहे. त्या तिनं स्वतःवर खर्चाव्यात की दुसरीच्या एसटीच्या तिकिटावर, हिशोब मी मागणार नाही.

मायबापा, आजच्या रात्री या राज्यात किती ओसऱ्यांवर असं सामान पसरलेलं असेल. कुणाच्या घरी पत्र्याची ट्रंक, कुणाच्या घरी खताच्या पोत्यात बांधलेली गादी. कुणाला हॉस्टेलात जागाच मिळाली नाही, म्हणून तो मित्राच्या खोलीत जमिनीवर निजायला चालला असेल. कुणाच्या बॅगेत घालायला कुणी काही दिलं नसेल, कारण देणारं कुणी उरलं नसेल. जिथं द्यायला हात नाहीत तिथं तू जा, आधी तिथं जा, आमच्याकडे नंतर ये. रेक्टरबाईंना शांत डोकं दे. मेसमधल्या मावशींच्या गुडघ्यांना बळ दे, त्या चपात्या लाटायला पहाटे उठतात. रात्रीच्या वॉचमनला चहा मिळू दे.

आणि जी पोर माझ्या लेकीच्या शेजारच्या कॉटवर निजणार आहे, तिचे आईबाप आत्ता तिची बॅग भरत असतील. त्यांचं काही राहिलं असेल तर त्यांना वेळेत आठवू दे. नाहीच आठवलं, तर ते आमच्या बॅगेत निघू दे. उद्या पहाटेच्या गाडीत गादीची वळकटी वर ठेवायला जागा मिळू दे, विठ्ठला, आणि स्वारगेटला उतरेपर्यंत पाऊस थांबव.