देवाचे रान आणि विश्वस्ताचा धर्म

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरात सभामंडप ओलांडून भाविक पायऱ्या उतरतो, तेव्हा तो जमिनीच्या पातळीखालच्या गाभाऱ्यात पोहोचतो. तेथून त्याने वर पाहिले, की शिखराच्या जागी मोकळे आकाश दिसते. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ शिलालेखात कोरलेले हे शिलाहारकालीन मंदिर वालधुनी नदीच्या काठी उभे आहे. दर्शनाला येणाऱ्या बहुतेकांच्या हाती बेलाची पाने असतात. ती पिंडीवर वाहिली, की पूजा झाली असे मन म्हणते. मात्र ही पाने कोणत्या झाडाची, ते झाड कोणत्या रानातले आणि त्या रानाची आजची अवस्था काय, हा विचार गाभाऱ्यात फारसा कोणाच्या मनात येत नाही.

आपल्या परंपरेने मात्र तो विचार केलेला दिसतो. चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या, संक्रांत आणि सोमवार या दिवशी बेल तोडू नये, असा दंडक आहे. महाशिवरात्र चतुर्दशीला येते, म्हणजे शंकराच्या सर्वांत मोठ्या दिवशी बेलाच्या झाडाला हात लावायचा नाही. पाने आदल्या दिवसांत आणून ठेवायची. ताजे पान मिळाले नाही, तर एकदा वाहिलेले बेलपत्र स्वच्छ धुऊन पुन्हा वाहता येते, बेल शिळा होत नाही, असेही सांगितले आहे. या नियमांचा अर्थ कोणी कसाही लावो, त्यांचा परिणाम एकच होतो. झाडाला उसंत मिळते.

या साध्या आचारात एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. जे देवाचे आहे, ते देवाच्याच कामासाठी संपवून टाकण्याचा अधिकार भक्ताला आहे काय?

हा प्रश्न सह्याद्रीच्या आणि कोकणच्या गावांपुढे गेली कित्येक वर्षे उभा आहे. तेथे गावोगावी देवराया आहेत. देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले रान. त्यात कुऱ्हाड चालवायची नाही, वाळलेली काडीसुद्धा घरी न्यायची नाही, असा अनेक ठिकाणचा नियम. महाराष्ट्रात अशा दोन हजारांहून अधिक देवरायांची नोंद झालेली आहे. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक या अभ्यासकांनी पश्चिम घाटातील देवरायांचा शोध घेऊन १९७६ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा विज्ञानजगताचे लक्ष या रानांकडे वेधले गेले. भोवतालचे डोंगर उघडे पडलेले असताना देवराईत मात्र बेहडा, सातवीण, जांभूळ, उंबर यांचे जुने वृक्ष, झाडावरून झाडावर गेलेल्या गारंबीच्या अजस्र वेली आणि बारमाही झरे टिकून राहिलेले आढळतात. धनेश पक्ष्याची मादी अशाच जुन्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते, आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. एवढी मोठी ढोली पडायला वृक्षाचे वय व्हावे लागते. म्हणून असा एक वृक्ष तोडून त्याच्या बदल्यात शंभर रोपे लावली, तरी धनेशाचे घर परत मिळत नाही.

अशा देवराया दुष्ट बुद्धीच्या माणसांनीच तोडल्या असत्या, तर प्रश्न सोपा होता. प्रत्यक्षात कोकणातल्या कितीतरी गावांत त्या भक्तीपोटी तुटल्या. जुने कौलारू देऊळ गळू लागते. मुंबईला असलेले चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला गावी येतात, बैठक होते, आणि स्लॅबचे प्रशस्त मंदिर बांधावे असे ठरते. वर्गणी अपुरी पडते. मग कोणीतरी सुचवतो, की देवाचीच झाडे आहेत, देवाच्याच कामी येतील. व्यापारी येतो, झाडांची किंमत ठरते. पुढे संगमरवरी फरशी बसते, कलशारोहण थाटात होते, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात देवळामागचा झरा आटतो.

त्या गावकऱ्यांची भक्ती खोटी होती, असे कोणी म्हणू नये. देवाचे घर चांगले असावे ही इच्छा निर्मळच आहे. चूक झाली ती दुसरीकडे. देवाची वस्तू देवासाठी वापरताना आपण तिचे मालक नाही, केवळ राखणदार आहोत, याचा विसर पडला.

भारतीय कायद्यात देवाच्या मालमत्तेविषयी एक विचार रूढ आहे. कायद्याच्या दृष्टीने देवता ही व्यक्ती आहे. तिच्या नावे जमीन असू शकते, दागिने असू शकतात. मात्र ही व्यक्ती कायमची अज्ञान, म्हणजे लहान मुलासारखी, मानली जाते. तिचा व्यवहार दुसऱ्याने पाहायचा असतो, आणि पाहणाऱ्याने तो तिच्या हितासाठीच पाहायचा असतो. अनाथ पुतण्याची शेती सांभाळणाऱ्या काकाने त्या शेतीच्या उत्पन्नातून मुलाचे शिक्षण जरूर करावे. पण मुलाच्या वाढदिवसाचा थाट करण्यासाठी शेतच विकून टाकले, तर त्याला पालक म्हणता येणार नाही. देवराई विकून देऊळ बांधणे हे त्याच प्रकारचे कृत्य आहे.

देवस्थानाला देणगी देणाऱ्या भाविकांना हा विचार परका नाही. अन्नदानासाठी कायम ठेव ठेवली जाते, तेव्हा मुद्दल बँकेत राहते आणि दरवर्षी येणाऱ्या व्याजातून ठरलेल्या तिथीला पंगत बसते. आजोबांनी ठेवलेल्या ठेवीवर नातवाच्या काळातही पान वाढले जाते. उद्या कोणी ती मुद्दलच मोडून एका दिवसाचा भंडारा घातला, तर जेवण उत्तम होईल, जेवणारे तृप्तही होतील. तरीही देणगीदाराचा विश्वासघात झाला असेच म्हणावे लागेल. रान ही अशीच कायम ठेव आहे. पाणी, फळ, पान, औषधी हे तिचे व्याज. माती, बी, जुना वृक्ष आणि त्यावर जगणारे जीव ही तिची मुद्दल.

येथे एक आक्षेप योग्यच ठरेल. रान ही मुद्दल आहे, तर मग माणसाला रानातून बाहेरच काढावे काय? देवराईचा कडक नियम चार-दोन एकरांना लागू पडतो; सगळा सह्याद्री बंद करून ज्यांचे पोटच रानावर आहे, त्यांनी जायचे कोठे?

हा आक्षेप कल्पनेतला नाही. माथेरान, मलंगगड आणि चंदेरीच्या डोंगररांगेत, तसेच बदलापूरच्या पूर्वेकडील बारवीच्या खोऱ्यात ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी, असे त्यांच्या नावाचे मूळ सांगितले जाते. ब्रिटिश राजवटीने १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव केली आणि ज्यांचे घर रानात, तेच रानात चोर ठरले. त्या अन्यायाविरुद्ध लोक उठलेही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला आणि त्यात गोळीबार होऊन सत्याग्रहींचे प्राण गेले. पुढे स्वातंत्र्य आले, तरी कातकऱ्यांची कितीतरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात. रानाचे व्याज ज्यांच्या वाट्याला यायचे, त्यांनाच ठेवीच्या यादीतून वगळले गेले.

वास्तविक मुद्दल आणि व्याज यांतला भेद ही मंडळी फार पूर्वीपासून जाणतात. पावसाळ्याच्या तोंडावर अंबरनाथ, बदलापूर, कल्याणच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या आणि त्यांच्यासोबत काकडे विकायला बसतात. शेवळ जमिनीतून वर आले, की तेवढेच खुडायचे असते. कंद मातीतच राहतो, म्हणून पुढच्या वर्षी त्याच जागी शेवळ पुन्हा उगवते. बेल धुऊन पुन्हा वाहणारा भाविक आणि कंद मातीत ठेवणारी ती बाई एकच धर्म पाळतात.

म्हणून रान राखायचे ते माणसाला वजा करून नव्हे, त्याच्या हाती राखणदारी देऊन. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी समाजावर झालेला ऐतिहासिक अन्याय मान्य केला आणि गावाला सामूहिक वनहक्काची वाट मोकळी केली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या छोट्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. आपल्या रानातला बांबू तोडून विकण्याचा अधिकार २०११ मध्ये प्रत्यक्षात आला, आणि किती तोडायचा, कसा तोडायचा हे ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने ठरू लागले. ज्याला हक्क असतो, त्यालाच उद्याची चिंता असते.

दूर न्यूझीलंड देशात २०१४ साली ते उरेवेरा नावाच्या विस्तीर्ण अरण्याला कायद्यानेच व्यक्तीचा दर्जा देण्यात आला. ते अरण्य कोणाच्या मालकीचे नाही, ते स्वतःचेच आहे. आणि त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या मंडळात तेथील तुहोई या मूळ समाजाचे लोक बसतात. जगाला हा विचार नवा वाटला. सह्याद्रीतल्या गावकऱ्यांनी मात्र रान देवीच्या नावावर करून तोच विचार पिढ्यानपिढ्या आचरणात आणला होता.

आता पुन्हा वालधुनीच्या काठी यावे. अंबरनाथच्या दक्षिणेकडील डोंगरात उगम पावलेली ही नदी मंदिराला स्पर्श करून उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाते, आणि वाटेत कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी पोटात घेते. उल्हासनगर १९४९ मध्ये फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांसाठी वसले आणि त्याला नाव मिळाले ते उल्हास नदीचे. मुळासकट उखडले जाणे म्हणजे काय, हे त्या पिढीने सोसले होते. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा काठावरच्या काही गावपाड्यांनाही आपली घरे सोडावी लागली. त्या धरणाचे पाणी आज ठाणे जिल्ह्यातल्या शहरांत आणि कारखान्यांत पोहोचते. हे पाणी पिणाऱ्या प्रत्येकावर त्या रानाचे आणि त्या माणसांचे ऋण आहे.

२७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांना बोटींनी बाहेर काढण्यात आले. अतिवृष्टी हे पुराचे पहिले कारण खरेच. परंतु उतारावरचे रान पावसाचे पाणी धरून हळूहळू सोडते, आणि नदीकाठची मोकळी जमीन ते पसरू देते. उतार उघडे पडले, काठ भरावाने अडले, की तेच पाणी एकदम धावत येते. व्याज थांबते तेव्हा ते कळायला वेळ लागतो. मुद्दल मोडली की संकट एका रात्रीत दारी येते.

यावर भाविकाने करायचे ते अवघड नाही. बेल मोजका वाहावा. श्रद्धेने वाहिलेले एक त्रिदल पुरते, त्यासाठी फांदी ओरबाडण्याचे कारण नाही. निर्माल्य नदीत सोडू नये, ते मातीला द्यावे. देणगी देताना सभामंडप आणि कलश यांच्याबरोबरच एखाद्या जुन्या वृक्षाच्या पाराचा, देवराईच्या कुंपणाचा, झऱ्याच्या राखणीचा संकल्प सोडावा, आणि त्या कामाचा मोबदला रानाजवळच्या वाडीतल्या हातांना मिळावा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपरिषदेने आणि महानगरपालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून आपल्या परिसरातील झाडे, प्राणी, पक्षी आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंदवही तयार करायची असते. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या नागरिकांनी ती नोंदवही मागून पाहावी, आणि तीत शेवळ ओळखणाऱ्या बाईचे ज्ञान उतरले आहे ना, एवढे विचारावे.

देवाला घर माणसाने बांधले, पण अंबरनाथच्या गाभाऱ्यात त्याच्या डोक्यावर आकाशच आहे. ज्याचे छत आकाश, त्याला संगमरवराची उणीव भासेल असे वाटत नाही. त्याला लागते ते ओंजळभर स्वच्छ पाणी आणि बेलाचे एक पान. ही दोन्ही पुढच्या पिढीच्या भाविकाच्या हातीही असावीत, एवढी राखणदारी प्रत्येकाकडून घडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.