पहिली पसंती भरण्याआधी

पीजीच्या पसंतीक्रमात पहिल्या ओळीवर मी 'फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन' भरणार, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मामांनी विचारलं, "म्हणजे फिजिओथेरपीच ना? मग एवढं एमबीबीएस कशाला केलं?" त्यांना समजावणं सोपं गेलं. स्वतःशी बोलायचं झालं की जीभ अडखळते.

लोकांना मी जे कारण सांगते ते खरं आहे. इंटर्नशिपमध्ये ऑर्थोच्या वॉर्डात विशीतला एक मुलगा होता. झाडावरून पडून कमरेखालची सगळी संवेदना गेलेली. मणक्याचं ऑपरेशन चांगलं झालं होतं, एक्स-रेत स्क्रू जागच्या जागी होते. पण माकडहाडावर दोन बोटं आत जातील असा बेडसोर झाला होता. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हे त्याच्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे याच शाखेतल्या एका पुनर्वसनतज्ज्ञ सरांनी त्याला स्वतःच्या हाताने लघवीची नळी घालायला शिकवलं. साबणाने हात धुवायचे, जेली लावायची, घाई करायची नाही, चार-पाच तासांनी पुन्हा तेच. जमायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "आता कोनाची वाट पाहा लागत नाही, मॅडम." त्या वाक्यासाठी मला ही शाखा हवी आहे.

पण कारण एवढंच आहे का? रात्रीचे कॉल कमी असतात, हेही मला हवं आहे. ही शाखा माझ्या रँकला मिळेल, हेही मी बघितलं आहे. आणि खोलवर आणखी एक हिशेब आहे: जिथे माणसं कमी, तिथे लवकर प्राध्यापक होता येतं, कदाचित विभागप्रमुखही. महत्त्वाकांक्षेची मला लाज वाटत नाही. मात्र सेवेचं नाव पुढे करून ती झाकायची नाही, एवढं मला पाळायचं आहे.

शिवाय तो हिशेबही कच्चाच आहे. 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नव्या महाविद्यालयांसाठी निकष काढले, त्यात हा विभाग सक्तीच्या यादीत राहिला नाही. विभाग नाही तिथे प्राध्यापकाचं पदही नाही. मुंबईत हाजीअलीची संस्था 1955 पासून उभी आहे, वेल्लोरला आहे, आपल्या नागपुरात मिहानच्या एम्समध्ये विभाग आहे; पण एवढ्यांत किती जणांना जागा मिळणार? म्हणजे पदासाठी जात असेन तर मी वाट चुकते आहे. ती जागा कधीच मिळाली नाही, तरी ही शाखा घेईन का? या प्रश्नावर मी बरेच दिवस थांबले. घेईन. शिकवायला खुर्ची लागतेच असं नाही. वॉर्डातल्या सिस्टरला, त्या मुलाच्या आईला शिकवणं हेही शिकवणंच आहे.

डॉ. मेरी वर्गीस यांच्याबद्दल वाचलं तेव्हा हे जास्त स्पष्ट झालं. 1954 च्या अपघातात त्यांचे पाय लुळे पडले. त्यांनी व्हीलचेअरवर बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्याकडे पुनर्वसनाचं शिक्षण घेतलं, आणि 1966 मध्ये वेल्लोरची पुनर्वसन संस्था उभी राहिली. आपल्याकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती काढली. औषधाने कुष्ठाचे जंतू मेले तरी झडलेली बोटं परत येत नाहीत आणि गावही परत घेत नाही, तेव्हा माणसाला हाताला काम लागतं, हे त्यांच्या आनंदवनाने दाखवून दिलं. आमच्या पाठ्यपुस्तकांच्या कितीतरी आधी ते विदर्भात घडत होतं.

संशोधनाची ओढ मला आहे, आणि भीतीही तिथेच आहे. स्नायूंच्या ताठरपणाला आम्ही शून्य ते चार गुण देतो. ते गुण कमी झाले की पेपर होतो. माणूस मात्र गडचिरोलीतल्या आपल्या घरी, उंच उंबऱ्याच्या आत, खाटेवरच पडून असू शकतो. आकड्यांची हीच अडचण सिकलसेललाही आहे. सिकलसेलने खुब्याचं हाड निकामी झालेली पोरं विदर्भात किती दिसतात! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला 21 दिव्यांगत्वांत घेतलं, पण प्रमाणपत्राला टक्के लागतात, आणि वेदनेचे चढउतार टक्क्यांत बसत नाहीत.

म्हणून प्रबंधासाठी मला एकच विषय सुचतो: मणक्याला मार लागलेली माणसं डिस्चार्जनंतर घरी कशी राहतात, बेडसोर कुणाला होतो, नळी कोण सोडून देतं. त्यासाठी गावोगाव जावं लागेल, काही जण पत्त्यावर सापडणार नाहीत, काही हयात नसतील. तीन वर्षांत हे पुरं होणार नाही, आणि बढतीसाठी पेपर मोजतात. गाईडनी सोपा विषय सुचवला तर मी कदाचित तो घेईनही, कारण एमडी पूर्ण करायचं आहे. पण मग हा विषय नोकरीच्या पहिल्या वर्षी सुरू करायचा, असं मी आज स्वतःला लिहून देते आहे.