फोटोतल्या घराचा मालक

फोटो दाखवला की डाव चटकन रंगतो. रंगतो म्हणून दाखवणं बरोबर, असं मी धरून चाललो आहे. हे धरून चालणं एकदा तपासायला हवं.

लाखांदुरात सुटीला पोरं जमली की मी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' मांडतो. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. गेम मास्टरनं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यात आपापलं पात्र चालवायचं, आणि बेत जमला की फसला हे वीस बाजूंच्या फाशावर सोडायचं. मी मोबाइलवर पवनीच्या किल्ल्याचा दरवाजा दाखवतो नि म्हणतो, "तुम्ही इथं उभे आहात." लगेच विचारणा सुरू होते : भिंतीवर चढता येईल का, आत पहारा किती?

यात वावगं काही नाही. याच खेळाच्या 'टूम ऑफ हॉरर्स' या १९७८च्या साहसकथेत खेळाडूंना दाखवायच्या चित्रांची वेगळी पुस्तिकाच होती. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी चित्र समोर धरूनच रामायण-महाभारत सांगत आले. झाडीपट्टीच्या रंगमंचावर रंगवलेला पडदा सोडला की राजवाडा उभा राहतो. पण पडद्यावरच्या राजवाड्यात कुणी राहत नव्हतं. फोटोतल्या घरात कुणीतरी राहिलेलं असतं.

शापित नगरी हवी असली की माझं मन गोसेखुर्द धरणाच्या बुडीत गावांच्या फोटोंकडे ओढ घेतं. उघड्या भिंती, पडकी घरं. खेळाला आणखी काय हवं? पण १९८८ साली भूमिपूजन झालेल्या या धरणापायी ही गावं उठली. तिथं शाप आला नव्हता, नोटीस आली होती. ऑगस्ट २०२०च्या वैनगंगेच्या महापुराचे फोटोही असेच सोयीचे. मात्र खेळायला बसलेल्यांपैकी एखाद्याच्या बांधीतलं धान त्याच पाण्याखाली गेलेलं असू शकतं.

चेहऱ्यांचं तर त्याहून अवघड. बाजारात बसलेल्या एखाद्या म्हातारीचा फोटो 'चेटकीण' म्हणून पुढे करणं किती सोपं! आपल्या पूर्व विदर्भात जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, जीवही गेले आहेत. २०१३ साली राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. ज्या शिक्क्यानं इथं माणूस मरतो, तो मी गंमत म्हणून एका खऱ्या चेहऱ्यावर मारायचा?

'खेळच तर आहे,' असं मन म्हणतं. पण फोटो मी निवडतो, ते तो खरा असतो म्हणूनच. त्याच्या खरेपणाचा फायदा घ्यायचा आणि जबाबदारी आली की खेळाआड लपायचं, हा दुटप्पीपणा आहे.

म्हणून एकच कसोटी लावतो : फोटोतला माणूस, किंवा त्या घरात राहून गेलेला, आमच्यात येऊन बसला तर हेच वाक्य मी त्याच्यादेखत बोलेन का? पवनीचा दरवाजा या कसोटीला उतरतो, मामा (माजी मालगुजारी) तलाव उतरतो. म्हातारीचा चेहरा उतरत नाही. तिथं मी शब्दांनीच भागवावं. बुडीत गाव दाखवायचं तर ते का उठलं, माणसं कुठं गेली, हेही डावात यायला हवं. ते सांगायची माझी तयारी नसेल, तर ते गाव वापरायचा मला अधिकार नाही.