संध्याकाळी घरी परतता येईल अशी नोकरी

पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या माणसाने पुन्हा शिकायचं ठरवलं, की पहिला प्रश्न येतो, ‘सध्या डिमांड कशाला आहे?’ उत्तर तयारच असतं: डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, एआय. ही यादी खोटी नाही. पण ती करताना डोळ्यांपुढे बाविशीतला, कुठेही जाऊन राहू शकणारा मुलगा असतो. घरात दोन शाळकरी मुलं, थकलेली सासू आणि बचतगटाचा हप्ता असलेल्या बार्शीच्या बाईला ती यादी काय कामाची? तिने मागणी शोधायची ती एसटीने रोज जाऊन-येऊन करता येईल एवढ्या टापूत.

पुण्यात १९०९ साली सेवासदन उभं राहिलं, तेव्हा रमाबाई रानड्यांनी असाच विचार केला होता. त्यांच्यासमोर वयाने मोठ्या बायका होत्या, त्यांत कितीतरी विधवा. दवाखान्यांना परिचारिका हव्या होत्या आणि पांढरपेशा घरांत ते काम हलकं समजलं जाई. रमाबाईंनी लोकांच्या रोषाची पर्वा न करता बायकांना ससून रुग्णालयात शिकायला पाठवलं. शिवाय त्यांच्या राहण्याची सोय केली. मला ही सोय अभ्यासक्रमाइतकीच मोलाची वाटते.

आज तसं काम कुठे आहे? डायलिसिसचं उदाहरण घ्या. २०१६ पासून सरकारी योजनेतून जिल्हा रुग्णालयांत ही सेवा मिळू लागली, खासगी केंद्रं तर तालुक्यांपर्यंत पोचली. रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो, चार-चार तास पडून असतो. तंत्रज्ञ हातातल्या फिस्तुलात, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीत, सुया घालतो, मशीन लावतो, मग सारखं बीपी बघत राहतो. पायात गोळे आले, गरगरलं, घाम फुटला, तर ते रुग्णाने सांगायच्या आत ओळखावं लागतं. हे काम दुसऱ्या शहरात बसून होत नाही. घरचं आजारपण वर्षानुवर्षं काढलेल्या बाईजवळ त्यासाठी लागणारा धीर आधीपासूनच असतो.

फसगत होते तीही इथेच. ‘सहा महिन्यांत टेक्निशियन, नोकरीची हमी’ असले फलक गावोगाव दिसतात. पण आरोग्यसेवेतल्या अशा व्यवसायांसाठी २०२१ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. त्यात तंत्रज्ञाच्या पदविकेला किंवा पदवीला किमान दोन हजार तासांचं, दोन ते चार वर्षांत पुरं होणारं शिक्षण धरलं आहे. म्हणून फी भरण्याआधी जवळच्या दोन-तीन केंद्रांत जाऊन विचारावं: शेवटचा माणूस कधी घेतला, त्याच्याकडे कोणतं प्रमाणपत्र होतं, रात्रपाळी किती, हातात पगार किती पडतो? कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा हे खरं.

दवाखान्याबाहेरही वाटा आहेत. आयटीआयला कमाल वयाची अट नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. छतावरच्या सौरपॅनेलांमुळे तिथे शिकलेल्या चांगल्या वायरमनला आता गावातच काम आहे.

तरी सगळा भार शिकणाऱ्या बाईवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. प्रवेशाच्या वेळी तिच्याकडून शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र मागतात. त्या वर्षांत तिने केलेल्या कामाची नोंद करायला मात्र अर्जात रकाना नसतो. वर्ग भरतात ऐन कामाच्या वेळेत. पाळणाघराचं तर नावच नको.

आणि ‘माणसं मिळत नाहीत’ म्हणून तक्रार करणारी इस्पितळं? त्यांच्याच वॉर्डात दहा-दहा वर्षं राबणाऱ्या मावशी आहेत. कोणत्या रुग्णाची शीर सापडत नाही, कोण सुई बघून घाबरतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्यातल्या दहावी-बारावी झालेल्यांची फी इस्पितळाने भरावी, पाळी वर्गाच्या वेळेनुसार लावावी आणि शिकून आल्यावर त्याच वॉर्डात तंत्रज्ञाच्या पगारावर घ्यावं.