चेहऱ्याचा वारसा
दादासाहेब फाळक्यांच्या १९१९ सालच्या 'कालिया मर्दन' या चित्रपटाच्या प्रारंभी त्यांची कन्या मंदाकिनी स्वाभाविक रूपात नाना भाव दाखविते आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. माया दाखविण्यापूर्वी फाळक्यांनी तिचे मूळ दाखविले. पीटर कुशिंग हा इंग्लिश नट १९९४ मध्ये वारला. २०१६ च्या 'रोग वन' मध्ये संगणकाने त्याचा चेहरा दुसऱ्या नटाच्या देहावर बसविला. वारसांची अनुमती होती. परंतु चेहऱ्याबरोबर अभिनयाचाही वारसा मिळतो काय? दीक्षितपुऱ्यातील घरांत आजोबांच्या तसबिरीला आपण हार घालतो. तिच्या तोंडी शब्द घालीत नाही. नटाने हयातीत होकार दिला नसेल, तर त्याच्या मृत मुखाला बोलते करू नये, असे मला वाटते.