तात्पुरतं छप्पर

गिरणगावात ‘तात्पुरतं’ हा शब्द जरा जपून ऐकावा लागतो. इमारत धोकादायक झाली की माणसांना संक्रमण शिबिरात हलवतात, अर्थात तात्पुरतं. तिथे जन्मलेली मुलं लग्नाला येतात तरी आधार कार्डावर पत्ता तोच असतो. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा कितीतरी घरांतली बायकामुलं ‘संप मिटेपर्यंत’ म्हणून गावी गेली. तो संप आजतागायत कुणी रीतसर मागेच घेतलेला नाही. म्हणजे शब्दशः बघितलं तर ती माणसं अजून तात्पुरतीच गावी आहेत.

हे सगळं डोक्यात आलं ते एका छोट्या हत्तीमुळे. छोटा हत्ती म्हणजे टाटा एस, २००५ साली बाजारात आलेला तो बुटका टेम्पो. माझ्या मावसभावाकडे असा एक आहे. चिंचपोकळीला राहतो आणि लालबागहून चिवडा, फरसाण उपनगरांतल्या दुकानांत पोचवतो. पावसाळ्यात ताडपत्री कितीही आवळून बांधली तरी कुठून तरी पाणी आत येतंच, आणि सादळलेला चिवडा कुणी परत घेत नाही. बंद बॉडी तयार मिळते, पण तिचे पैसे त्याच्याकडे नव्हते. म्हणून त्याने ठरवलं, हौद्यावर लाकडाचं छप्पर स्वतःच करायचं.

चाळीत अण्णा आहेत. उमेदीत एका गिरणीच्या सुतारखात्यात होते. भावाने त्यांना विचारलं, “अण्णा, तुम्ही सांगाल तसं करतो, फक्त बाजूला उभे राहा.” अण्णा तीन रविवार स्टूल टाकून बसले आणि एकाही हत्याराला हात न लावता काम करून घेतलं.

हौदा साधारण सात फूट बाय पाच. फाळक्याच्या वर साडेतीन फुटांची चौकट, पाइनच्या पट्ट्यांची. वरून १२ मिलीमीटरचा मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्क्याचा. साधा प्लाय घेतला असता तर हजार-दोन हजार वाचले असते, पण दुसऱ्या पावसात त्याचे पापुद्रे सुटतात. प्लायमध्ये पाणी शिरतं ते कडेतून, म्हणून प्रत्येक कापलेल्या कडेला आधी प्रायमरचे दोन हात, मग रंग. छताला मागच्या बाजूला दोन इंचांचा उतार. सगळं मिळून वजन शंभर किलोच्या आसपास गेलं. साडेसातशे किलो वाहणाऱ्या गाडीत हे शंभर किलो रोज फुकट फिरणार, हे अण्णांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

त्यांचा हट्ट एकच होता: वेल्डिंग करायचं नाही. आठ नटबोल्टवर बसवायचं. “निघालं पाहिजे,” ते म्हणाले. “निघत नाही ते आपलं नाही.”

मी हे वाक्य बरेच दिवस घोळवत राहिलो, कारण कायदाही जवळपास हीच भाषा बोलतो. महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात, घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायमचं बांधकाम केलं तर ते घर खाली करायला लावण्याचं कारण ठरतं. पण लगेच खाली खुलासा आहे: लाकडी पार्टिशन, उभ्याचा ओटा, दार, जाळी, हवेपुरती खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, यांना घरमालकाची परवानगी नको. पोटमाळा त्या यादीत नाही, आणि पोटमाळ्यांवरून या शहरात वर्षानुवर्षं खटले चाललेत. कोर्ट काय बघतं? ती वस्तू भिंतीला कशी जोडली आहे, काढली तर मूळ जागेची मोडतोड होते का, आणि बसवणाऱ्याचा हेतू काय होता. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या झोपवणाऱ्या माणसाचा हेतू काय असणार! पण इथे ‘तात्पुरतं’ हा शब्द दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो, हे विसरून चालणार नाही. संक्रमण शिबिरात जो शब्द गळा आवळतो, तोच चाळीत छप्पर वाचवतो.

गाडीचं तसंच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलायची नाही, आणि बदल म्हणजे गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतला बदल. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध जाणारा बदल चालणार नाही. आता सांगा, आठ बोल्टवर बसलेली लाकडी पेटी हा बदल की सामान? थिसियसच्या जहाजाचं कोडं कॉलेजात सगळ्यांनाच भेटतं: फळ्या एकेक करून बदलल्या तर जहाज तेच राहतं का? चिंचपोकळीत कुणी फळ्या बदलत बसत नाही, वाढवतात. तेव्हा प्रश्न असा होतो, की किती वाढवल्यावर टेम्पो खोली होतो?

उत्तर गणपतीत मिळालं.

चाळीचा गणपती लहान, पण विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर जायची रीत जुनी. चिंतामणीसारख्या १९२०पासूनच्या मंडळाची गर्दी वेगळी, आमच्याकडे पन्नास माणसं. दरवर्षी म्हाताऱ्या बायका आणि लहान मुलं टॅक्सीने पुढे जातात. त्या वर्षी मुलांनी भावाला सुचवलं, “दादा, तुझ्या गाडीत बसवू ना. वर छप्पर आहे, सतरंजी टाकू. दोन तासांचा तर प्रश्न आहे.”

त्याआधीची तीन वर्षं तोच टेम्पो होता, तेच अंतर होतं. ताडपत्रीखाली आजीला बसवावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. गाडी एका इंचानेही सुरक्षित झाली नव्हती. ब्रेक तेच, आत धरायला काही नाही, १२ मिलीमीटरचा प्लाय धडकेत कुणाला वाचवणार? उलट शंभर किलो वर चढल्याने वळणावर गाडी जास्त झुकते. पण छप्पर दिसलं आणि घर दिसलं. माणसाचं मन असंच चालतं, चार भिंती बघितल्या की विश्वास टाकतं. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसाला काही झालं तर विमा कंपनी बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्येच आशा राणी खटल्यात म्हटलंय. ते त्या मुलांना माहीत असण्याची अपेक्षा नाही. पण छप्पर करणाऱ्याचं काय?

इथे दोन मतं पडली. एक म्हणे, वस्तू करणाऱ्याची जबाबदारी तिच्या कामापुरती. चिवड्यासाठी केलं, चिवडा कोरडा राहिला, संपलं. सुरी करणाऱ्याला खुनासाठी धरतात का? मला हा दाखला पटत नाही. सुरी बघून कुणाला ‘ये, बस’ असं वाटत नाही. काही वस्तू नुसत्या वापरल्या जात नाहीत, त्या बोलावतात. आणि जी वस्तू आपण लोकांच्या डोळ्यांसमोर, चाळीच्या अंगणात, तीन रविवार खपून केली, तिचं बोलावणं आपल्याला ऐकू आलं नाही असं म्हणता येत नाही. ‘तात्पुरतं’ म्हणून तर अजिबात नाही. दोन तास हे मुलांनी वेळेचं माप म्हणून सांगितलं नव्हतं, ती हरकत घेऊ नये म्हणून केलेली विनंती होती. मला तर आता वाटतं, तात्पुरतं म्हणायचा हक्क त्याचा, ज्याच्या अंगावर ते कोसळू शकतं. चाळीतला भाडेकरू म्हणाला तर खरं, शिबिर चालवणारा म्हणाला तर खोटं. टेम्पोत तो हक्क आजीचा, आणि आजीला कुणी विचारलंच नव्हतं.

भावाने नाही म्हटलं. वाईटपणा आला. “माज चढला,” हेही ऐकून घेतलं. म्हाताऱ्या टॅक्सीने गेल्या, भाडं त्याने भरलं.

पण पुढच्या वर्षी पुन्हा कुणी विचारेल, आणि तेव्हा गाडीवर कदाचित दुसरा ड्रायव्हर असेल, हे त्याच्या डोक्यातून जाईना. दिवाळीची धावपळ संपल्यावर त्याने आत आडवे कप्पे ठोकले, एकावर एक, मध्ये चौदा इंच अंतर. फरसाणाचे ट्रे बरोबर सरकतात. माणूस, अगदी लहान मूलही, आत बसू शकत नाही.

अण्णा बघायला आले. कप्प्यांवरून हात फिरवला, काम चांगलं झालंय म्हणाले. मग वाकून बोल्ट बघितले. कप्प्यांच्या पट्ट्या चौकटीला आणि चौकट हौद्याला अशी काही धरून बसली आहे की आता आठ बोल्ट सोडून भागणार नाही, आधी आतलं सगळं तोडावं लागेल. कुणी बसू नये म्हणून त्याने जे केलं, त्याने छप्पर निघायचंच बंद झालं.

“निघतंय का रे?” अण्णांनी विचारलं.

“निघेल,” भाऊ म्हणाला. गाडीच्या फिटनेसची तारीख मार्चमध्ये आहे.