जकात आणि राखण

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अंतपाल’ नावाचा अधिकारी आहे. राज्याच्या हद्दीवरचे किल्ले आणि वाटा त्याच्या ताब्यात. मालाने लादलेल्या गाड्यांकडून तो वर्तनी, म्हणजे वाटेचा कर घेई. परमुलखातून आलेल्या तांड्याचा माल तपासून, त्यावर मुद्रा उमटवून तो पुढे शुल्काध्यक्षाकडे पाठवी. आणि वाटेत व्यापाऱ्याचे काही हरवले किंवा चोरीला गेले, तर त्याची भरपाईही त्यानेच करायची. जकात घेणारा आणि राखण करणारा एकच माणूस होता, आणि घेतलेल्या जकातीच्या बदल्यात तो काहीतरी देणे लागत होता.

व्यापार एका खात्याचा, संरक्षण दुसऱ्या खात्याचे, आणि एकाचे भले करायचे तर दुसऱ्याने माघार घ्यायची, ही आपली आजची समजूत त्या ग्रंथात नाही. ती अलीकडची आहे, आणि तिची किंमत किती पडते हे पाहायचे तर भारत आणि बांगलादेश यांच्यामधल्या ४,०९६ किलोमीटरच्या सीमेकडे पाहावे.

ही रेषा आखणारे सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले. त्याआधी ते या देशात कधी आले नव्हते. त्यांचा निवाडा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाला. पण पूर्वेकडे रेषा आखली म्हणून लगेच सारे तुटले नाही. आगगाड्या चालू होत्या, नावा चालू होत्या. दोन्ही बाजूंच्या लोकांना पासपोर्ट लागू झाला तो थेट ऑक्टोबर १९५२ मध्ये. पहिला खोल घाव त्याआधीच बसला होता, आणि तो सैन्याने घातलेला नव्हता. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. पाठोपाठ भारताने रुपयाचे केले, पाकिस्तानने मात्र नकार दिला. रातोरात पाकिस्तानी रुपया भारतीय रुपयाच्या तुलनेत महाग झाला. भारताने तो दर मानला नाही आणि व्यापार जवळजवळ ठप्प झाला.

यात सर्वांत जास्त होरपळला तो ताग. उत्तम ताग पिकायचा पूर्व बंगालात आणि त्याच्या गिरण्या होत्या हुगळीच्या काठावर, कोलकात्याच्या आसपास. शेत एका देशात, गिरणी दुसऱ्या. या अवघडलेपणातून दोन वाटा निघत होत्या. एकमेकांवाचून चालणार नाही हे मान्य करून कायमची व्यवस्था लावायची, किंवा एकमेकांवाचून चालेल अशी सोय करायची. दोघांनीही दुसरी वाट धरली. भारताने पश्चिम बंगाल, आसाम, बिहारमध्ये तागाचा पेरा वाढवला आणि पाकिस्तानने नारायणगंजला अदमजीसारखी अवाढव्य गिरणी उभी केली. ‘स्वावलंबन’ हा शब्द त्या काळात पवित्र होता, आणि फाळणीच्या रक्तपातानंतर तो तसा वाटणे मी समजू शकतो. पण एका नदीखोऱ्यात शतकभर जुळलेला व्यवहार आपण दोघांनी मिळून मोडला, हेही खरे.

नेमक्या त्याच सुमारास, ९ मे १९५० रोजी, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी उलट प्रस्ताव मांडला. फ्रान्स आणि जर्मनी यांचे कोळसा आणि पोलाद एका सामाईक यंत्रणेखाली आणायचे, म्हणजे त्या दोघांत युद्ध होणे व्यवहारतःच अशक्य होईल. कोळसा आणि पोलाद ही तर युद्धाचीच सामग्री. ती लपवण्याऐवजी शेजाऱ्याच्या नजरेसमोर ठेवणे हीच सुरक्षा, असा हा विचार. पुढच्याच वर्षी सहा देशांनी तसा करार केला. युरोपीय माणसे आपल्यापेक्षा शहाणी होती असे मला म्हणायचे नाही. तीस वर्षांत दोन महायुद्धे करून ती थकली होती आणि अमेरिकेचा भक्कम आधार पाठीशी होता. तरीही कोळशाचे तिकडे जे झाले आणि तागाचे इकडे जे झाले, ते शेजारी ठेवून पाहिले की मन खिन्न होते.

१९६५ च्या युद्धाने उरलेसुरले रेल्वेमार्गही बंद केले. १९७१ मध्ये बांगलादेश जन्मला तेव्हा सारे पुन्हा जुळेल अशी आशा होती. १९७२ मध्ये नदीमार्गे वाहतुकीचा करार झाला आणि तो टिकला. ढाक्यातली हवा बदलली, तशी बाकीची आशा मात्र लवकरच मावळली.

मग कुंपणाचा काळ आला. घुसखोरीविरुद्धचे आसाम आंदोलन, १९८५ चा आसाम करार आणि त्यानंतर काटेरी कुंपणाचा निर्णय. आज तीन हजार किलोमीटरहून अधिक कुंपण उभे आहे. शून्य रेषेपासून दीडशे यार्डांच्या आत संरक्षणाचे बांधकाम करायचे नाही असा १९७५ चा दंडक असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी कुंपण भारताच्या हद्दीत आत सरकले. परिणामी हजारो भारतीय शेतकऱ्यांची शेते कुंपणापलीकडे राहिली. दार उघडेल तेव्हा ओळखपत्र दाखवून शेतात जायचे आणि दार बंद व्हायच्या आत परतायचे. घुसखोरीची चिंता खोटी नव्हती. पण कुंपण माणूस अडवते, भावातला फरक अडवत नाही. इकडची गाय पलीकडे कितीतरी पट किमतीला जात होती, इकडचे खोकल्याचे औषध तिकडे नशेसाठी विकले जात होते, आणि तिथे मधल्या माणसांची टोळी तयार झालीच. कायदेशीर वाट नसली की वाट ठरवणारा तस्कर होतो.

जानेवारी २०११ मध्ये बांगलादेशातल्या कुरिग्रामजवळ पंधरा वर्षांची एक बांगलादेशी मुलगी बापाबरोबर कुंपण ओलांडून मायदेशी परतत होती. कपडा तारेत अडकला, गोळी लागली आणि तिचे प्रेत बराच वेळ त्या कुंपणावर लटकत राहिले. ते छायाचित्र बांगलादेशात घरोघरी पोहोचले. आपल्या देशाची सुरक्षा अशा चित्रातून वाढत नाही, हे सांगायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही.

त्याच वर्षी, त्याच कुरिग्राम जिल्ह्याच्या सीमेवर, दुसरी एक गोष्ट सुरू झाली. २३ जुलै २०११ रोजी मेघालयातल्या कालाईचर इथे पहिला सीमा-हाट भरला. सीमारेषेवर थोडी जागा कुंपणाने बंदिस्त केलेली, दोन्हीकडून एकेक दार, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बाजार. पाच किलोमीटरच्या आतल्या गावांतले लोक विक्रेते. भाजीपाला, मसाले, बांबूच्या वस्तू, लुंग्या, गमछे. रुपयाही चालतो, टकाही चालतो, जकात नाही. खरेदीची मर्यादा सुरुवातीला माणशी पन्नास डॉलरांइतकी, पुढे ती वाढत दोनशेवर गेली. दोन्ही देशांच्या एकूण व्यापारात या बाजाराचा आकडा शोधूनही दिसणार नाही. तरी त्याला मी या साऱ्या इतिहासात फार वरचे स्थान देतो. सीमा सुरक्षा दलाचा जवान तिथे उभा आहेच, तो कुठे गेला नाही. पण आता तो बाजाराची राखण करतो. जी देवघेव रात्री चोरून होत होती, तिचा थोडा भाग दिवसा, नाव-गावानिशी होऊ लागला. त्रिपुरातल्या श्रीनगर आणि कमलासागर इथेही २०१५ मध्ये असे हाट भरू लागले. २०२० मध्ये करोनाच्या साथीत ते बंद पडले तेव्हा सीमेवरच्या लहान विक्रेत्यांचा आधार गेला.

या काळात सुरक्षेच्या बाजूनेही मोठा पालट झाला, आणि तो कुंपणाने घडवला नव्हता. २००४ मध्ये चितगावात दहा ट्रक भरून शस्त्रे सापडली होती. ती आसामातल्या उल्फा या बंडखोर संघटनेसाठी होती. २००९ नंतर ढाक्याने धोरण बदलले, उल्फाच्या अरविंद राजखोवांसारख्या नेत्यांना भारताच्या हाती लागू दिले. ईशान्येतली बंडखोरी ओसरण्यात या सहकार्याचा वाटा मोठा आहे. २०११ मध्ये भारताने दारू-तंबाखूसारख्या मोजक्या वस्तू सोडून बांगलादेशच्या सर्व मालावरची जकात काढली. एका हाताने सुरक्षा मिळाली, दुसऱ्या हाताने बाजार दिला गेला.

आणि छिटमहाल. एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाचे तुकडे: बांगलादेशात भारताचे १११, भारतात बांगलादेशाचे ५१. तिथल्या पन्नास हजारांवर माणसांना शाळा, दवाखाना, पोलीस, मतदान यांतले काहीच कुणाकडे हक्काने मागता येत नव्हते. इंदिरा गांधी आणि मुजीबूर रहमान यांनी १९७४ मध्येच तोडगा काढला होता. बांगलादेशाने त्याला लगेच मान्यता दिली, आपल्याला एकेचाळीस वर्षे लागली. मे २०१५ मध्ये संसदेने शंभरावी घटनादुरुस्ती एकमताने मंजूर केली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री तुकड्यांची अदलाबदल झाली. भारताने यात मिळवली त्याहून जास्त जमीन दिली, आणि तरी देश लहान झाल्याचे कुणाला जाणवले नाही.

पण हे जुळलेले सहकार्य पुढे उसवत गेले. ते इतक्या लवकर का उसवले? याचे उत्तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला माहीत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. पुढच्याच आठवड्यात दिल्लीत आलेल्या बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी उद्योजकांच्या मेळाव्यात, हिंदीतून, सांगितले की स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगितले आहे. आणि अशी बंदी घालायची तर आधी कळवावे, अशी विनंती केली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा तेच घडले. सीमेवरच्या पेत्रापोल नाक्यावर कांद्याचे ट्रक रांगेत सडत उभे राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. बांगलादेशाने स्वतःचा कांदा वाढवला, इतर देशांतून आणला. ही १९४९ च्या तागाचीच गोष्ट, फक्त पीक नाशिकचे. तिकडूनही हेच झाले. विदर्भाच्या संत्र्यावर बांगलादेश वर्षामागून वर्षे शुल्क वाढवत गेला, २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ टक्यांवर पोहोचले, आणि वरुड-मोर्शीच्या बागाईतदारांचे हक्काचे गिऱ्हाईक तुटले.

ऑगस्ट २०२४ मध्ये हसीना सरकार कोसळले. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने खुश्कीच्या मार्गाने सुताची आयात थांबवली. मे महिन्यात भारताने तिथले तयार कपडे जमिनीवरून येणे बंद करून फक्त न्हावा-शेवा आणि कोलकाता या बंदरांची वाट मोकळी ठेवली. शेजारच्या जिल्ह्यातून ट्रकने येणारा माल आता जहाजाने फिरून यायचा. प्रत्येक निर्णयामागे काही ना काही कारण होते, हे मी नाकारत नाही. पण पंधरा वर्षांचे सहकार्य एका राजवटीच्या मैत्रीवर उभे होते, ती राजवट गेली आणि सहकार्यही गेले. मोठ्या करारांचे सत्कार झाले. नाक्यावरचा साधा नियम पक्का करायचे राहून गेले. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालानुसार पेत्रापोल-बेनापोल ओलांडायला मालाला कित्येक दिवस लागतात, तर तितकीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या सीमा सहा तासांच्या आत पार होतात. हे मैत्रीच्या काळातले चित्र आहे.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. निर्यात किंवा आयात थांबवण्यापूर्वी किमान महिनाभराची सूचना देण्याचे बंधन दोन्ही सरकारांनी स्वतःवर घालून घ्यावे, वाटेला लागलेला माल कोणत्याही आदेशाने अडवू नये, आणि अडवलाच तर आदेश काढणाऱ्याने भरपाई द्यावी. सीमा-हाट राजकारणाबाहेर ठेवून अखंड चालू ठेवावेत. नाशिक आणि अमरावतीच्या खासदारांनी हा प्रश्न परराष्ट्र धोरणाचा आहे म्हणून सोडून देऊ नये. तो त्यांच्या मतदारांच्या चाळीतल्या कांद्याचा आणि बागेतल्या संत्र्याचा आहे, आणि संसदेत तो त्यांनीच मांडायला हवा.